माहेरचा वांदा

वांदा गेला, हे अनंतरावांना सोमवारी सकाळी वेरूळहून परतल्यावर कळलं. बाल्कनीतली तारेची टोपली रिकामी होती आणि वांद्याचं, म्हणजे ऑर्किडचं, झाड कुंडीत, गळ्यापर्यंत काळ्या मातीत पुरलेलं.

"बानाबाई, हे काय केलं?" त्यांनी घरकामाच्या बाईला विचारलं.

"काका, मुळं नुसती वाऱ्यावर लोंबत व्हती, पांढरीफट. म्या माती दिली. घरात व्हतं नव्हतं तेवढं पाणी बी घातलं."

"अहो, वांदा झाडाच्या फांदीवर, हवेत जगतो! मातीत मुळं कुजतात त्याची!"

"मला काय ठावं? आमच्याकडं झाड मातीतच ऱ्हातं."

पत्नी यमुनाबाई गेल्यापासून घरात वाढणारी ही एकच गोष्ट होती. मुळं धुऊन भिजवायची. हिरवी झाली तर जिवंत, नाही तर संपलं. हे यमुनाबाईंनीच त्यांना शिकवलेलं. पण हंडे कोरडे, आणि नळ आठ दिवसांनी येणारा. अनंतराव धावत खाली गेले. खालच्या मजल्यावरचे आप्पासाहेब त्या उन्हाळ्यात कुणाला तांब्याभर पाणी देत नव्हते.

"आप्पासाहेब, बादलीभर पाणी द्या. यमुनेच्या माहेरचा... गेला हो बहुतेक."

"अरेरे! वय काय?"

"अकरा वर्षं."

"लेकरूच की! झालं काय?"

"मातीत घातला ना!"

"इतक्यात?" आप्पासाहेबांनी टोपी काढली. "दोन बादल्या न्या. सुतकाच्या आंघोळीला नाही म्हणू नये."

अनंतरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात आप्पासाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. यमुनाबाई गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांत न आलेलं रडू अनंतरावांना तिथंच जिन्यात आलं. मग खुलासा कसला!

अर्ध्या तासात सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन वर. शेजारच्या चतुराबाईंनी कडू घास म्हणून पिठलं-भाकरी आणली.

"काका, इतकी माणसं कामून आली?" बानाबाईनं विचारलं.

"गप बसा!" म्हणत अनंतरावांनी कुंडीसकट न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली. बाहेर सगळे माना खाली घालून उभे. आतून आवाज आला, "पी रे बाबा, पी." मग तांब्या-तांब्यानं पाणी ओतलं गेलं. आणि एकदम, "हिरवं झालं! हिरवं झालं!"

"डोक्यावर परिणाम झाला, बिचारे," चतुराबाई पुटपुटल्या.

तीन मुळं वाचली. झाड पुन्हा टोपलीत लटकलं आहे. आप्पासाहेब रोज तेराव्याची तारीख विचारतात. त्यांना खरं सांगायचं अजून राहिलं आहे.