कच्ची लाइट

लाइट गेली की आमच्या गल्लीत सगळ्यांकडे सारखाच अंधार व्हायचा. ती आली की मात्र सगळ्यांकडे उजेड आणि नानांकडे अंधार.

नाना म्हणजे आमचे जळगावचे, भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. मूळचे एरंडोलकडचे. व्यापाऱ्यांची विक्रीकराची कामं घरूनच करायचे. पुढच्या खोलीत ऑफिस, आणि त्यात गल्लीतला पहिला कॉम्प्युटर, एक कर्कश प्रिंटर आणि फॅक्स. तिन्हींना काकूंनी जुन्या साडीची झबली शिवली होती.

आलेली लाइट लगेच वापरायची नसते, असं नानांचं ठाम मत होतं. "कच्ची राहते ती. यावलकडे केळीच्या बागा. लाइट आली की तिथल्या मोटारी चालू व्हायला वेळ लागतो. तोवर बठ्ठा जोर, सगळाच्या सगळा, आपल्या घरात शिरतो. कॉम्प्युटर जळी जाई ना, भाऊ!" लोक केळी पिकायला ठेवतात, नाना लाइट पिकायला ठेवायचे.

आमचा टीव्ही एकदा असाच जळाला. नाना भेटायला आले. टीव्हीसमोर मांडी घालून बसले आणि हळूच विचारलं, "गेला तेव्हा जवळ कोण होतं?" माझी बायको हसू दाबत आत पळाली.

लाइट गेली की नाना ओसरीतल्या मेन स्विचचा खटका पाडायचे. ती आली की खटक्यावर हात ठेवून उभे. व्होल्टमीटर मात्र आतल्या खोलीत. वायरमनच्या मागे लागून त्यांनी मेनच्या आधीच तार काढून घेतली होती, म्हणजे खटका पडलेला असतानाही सुई हलायची. मीटरखाली स्टुलावर काकू. हातात बॅटरी, मांडीवर निवडायच्या तांदळाचं ताट.

"चढवू का?" नाना ओसरीतून ओरडायचे.

"थांबा!" आतून काकू.

बऱ्याच वेळाने पुन्हा, "आता चढवू?"

"चढवा!"

मग त्या घरात उजेड पडायचा. एरवी नवरा-बायको एकमेकांशी काय बोलत असतील देव जाणे, गल्लीला एवढंच ऐकू यायचं.

कांतीशेठ नानांचे जुने अशील, त्यांचं तेलाचं दुकान होतं. घाम पुसत एकदा म्हणाले, "नाना, मीटर खटक्याशेजारीच लावा ना. एका माणसाचं काम आहे."

"उन्हात सुई खोटं बोलते, शेठ."

जळगावच्या उन्हाबद्दल काहीही सांगितलं तरी पटतं. शेठ पुन्हा घाम पुसू लागले.

मग एका उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन काकू गेल्या. मी भेटायला गेलो तर नाना माझ्याशी अर्थिंगबद्दल बोलत बसले. मला जरा रागच आला.

पुढे एका संध्याकाळी लाइट गेली आणि आली. ओसरीतून हाक ऐकू आली, "चढवू का?" नंतर काहीच नाही. थोड्या वेळाने पुन्हा तीच हाक, जरा बारीक आवाजात. तेवढ्यात कांतीशेठ माझ्या दारात.

"भाऊ, बघा ना. नुसते उभे आहेत. उद्या माझी विक्रीकराची शेवटची तारीख, बठ्ठे आकडे त्या कॉम्प्युटरच्या डब्यात. कामं दुसरीकडे न्या म्हणून लोक आधीच सांगताहेत. मला नाही न्यायची."

मी मागच्या दाराने नानांच्या घरात शिरलो. बॅटरी खुंटीला होती. मीटरवर झोत मारला, सुई बरोबर हव्या त्या आकड्यावर.

"चढवा, नाना!" मी ओरडलो.

काही झालं नाही. मी ओसरीत गेलो. नाना खटक्यावर हात ठेवून उभे होते, पायरीवर शेठ.

"सुई ठीक आहे, नाना."

"असेल."

"मग?"

"ती आधी थांबा म्हणायची. दर वेळी."

"सुई ठीक असली तरी?"

"सुई कुठली दिसते तिला! चष्मा कायम देवघरात. तांदूळ निवडून झाले की चढवा म्हणायची."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"मग? संसार मीच केला ना तिच्याशी," नाना म्हणाले. "मी बाहेर उभा आहे, हे तिला ठाऊक असायचं. बास."

मी आत जाऊन स्टुलावर बसलो, बॅटरी विझवली.

"चढवू का?" बाहेरून हाक आली.

"थांबा!" मी ओरडलो.

"बरं, बरं," नाना म्हणाले.

शेठने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. नाना मात्र खुशीत वाट बघत उभे होते.