चारशे काड्यांची तपासणी

ओढ्याच्या काठावर पाय ठेवला आणि पर्यवेक्षकाच्या पायाखालची वाळू सरकली. काल संध्याकाळपर्यंत त्या पूरपट्ट्यात महिन्याभरापूर्वी रोवलेल्या, वाळुंजाच्या झाडाच्या चारशे काड्या उभ्या होत्या. आज तिथे जमीन कशी अंगणासारखी स्वच्छ होती.

"या, जावईबापू," सासरे म्हणाले. "साहेबलोक यायच्या आत उरकलं की नाही?"

चूक पर्यवेक्षकाचीच. सिमेंटच्या नाल्यातून ओढा सोडवून त्याला पुन्हा वळणं देण्यात त्याची दोन वर्षं गेली होती. काठावरची लागवड ऐंशी टक्के जगली तर नोकरी कायम, नाहीतर घरी, असा वरचा हुकूम होता. ऐन तपासणीच्या सकाळी शेळ्या शिरू नयेत म्हणून त्याने सासऱ्यांना राखणीला बसवलं. सासऱ्यांचा सारा जन्म इस्पितळाच्या कोठारात गेलेला. पसारा दिसला की त्यांचे हात शिवशिवत.

"बाबा, काड्या कुठायत?"

"वाळक्या होत्या हो. एकीला पान नाही. पाहुण्यांना काय ते दाखवायचं? सहा वाजल्यापासून उपटतोय." ओल्या चिखलात पन्नासाची एक अशा आठ जुड्या सुतळीने बांधून ओळीत मांडल्या होत्या.

"तीच झाडं होती, बाबा. पानं अजून फुटायची होती."

सासऱ्यांनी जुड्यांकडे पाहिलं, मग जावयाकडे. "मग आधी सांगायचं नाही का?"

पर्यवेक्षकाने घाईघाईने जेमतेम तीन काड्या परत खोचल्या, तोच जीप येऊन उभी राहिली. तपासनीसबाई उतरल्या आणि उतरल्या तशाच थिजल्या.

"झाडं कुठे आहेत?"

पर्यवेक्षक तोंड उघडणार तोच सासरे पुढे झाले. "मी उपटली. यांचा काही दोष नाही."

"सगळी?"

"अर्धवट काम मला जमत नाही."

बाई जुड्यांपाशी उकिडव्या बसल्या, खोचलेल्या तीनही काढून घेतल्या आणि एकेक काडी उलटी करून पाहू लागल्या. बुडाशी पांढरी मुळं फुटली होती. तासाभराने बारा काड्या तेवढ्या बिनमुळांच्या म्हणून बाजूला पडल्या. तो तास पर्यवेक्षकाने कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"एरवी मी दहा-बारा उपटून मुळं बघते आणि बाकीचं अंदाजाने लिहिते," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत मला सगळी मुळं कुणी दाखवली नव्हती." त्यांनी फाइलीत लिहिलं: 'आज सकाळी सहापर्यंत सत्त्याण्णव टक्के जिवंत. कायम करण्यास हरकत नाही.'

पर्यवेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुपारच्या आत सगळ्या परत लावा, म्हणजे जगतील," बाईंनी त्याला बजावलं आणि त्या सासऱ्यांकडे वळल्या. "काका, वरच्या अंगाच्या ओढ्यावर याल का? तिथला पर्यवेक्षक शंभर टक्के जगल्याचं सांगतोय."

सासऱ्यांनी ओढ्यात हात धुतले. "जावईबापू, मुलीला कळवा, मला जेवायला उशीर होईल," असं म्हणून ते जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले.