उपळेकरांची चूक पुण्याला जाते

आमच्या कॉलेजच्या वेळापत्रकाच्या प्रोग्रॅममधल्या चुकीने एकोणीस वर्षांच्या सेवेनंतर राजीनामा दिला आणि ती पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाली. तासिका तत्त्वावरची माणसं अशीच जातात, त्यामुळे कुणाला फारसं नवल वाटलं नाही. तिला शाल आणि नारळ दिला. प्राचार्य घोरपडे भाषणात म्हणाले की, संस्थेचं मोठं नुकसान झालं आहे. प्रत्येक निरोप समारंभात ते हेच म्हणतात, पण खरं ठरण्याची ही पहिलीच वेळ.

ही चूक संगणक विभागाच्या उपळेकरांची. कराडात संगणक शिकवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, तेव्हा त्यांनी हा प्रोग्रॅम लिहिला. तो अख्ख्या कॉलेजचं वेळापत्रक काढायचा आणि सगळं बिनचूक काढायचा. फक्त गुरुवारी तिसऱ्या तासाला कुठल्याच वर्गाला आणि कुठल्याच शिक्षकाला तास लागायचा नाही. सगळे एकदम मोकळे. त्या तासाला आम्ही स्टाफरूममध्ये चहा पीत बसायचो. इतिहास आणि अर्थशास्त्र या विभागांचं जुनं भांडण तिथेच मिटलं. दोन लग्नंही तिथेच जमली, त्यातलं एक अजून टिकून आहे. मी वनस्पतिशास्त्राचा इंगवले, आणि मला या जगात जी काही अक्कल आली ती त्या तासाला आली.

चुकीला कायम करावं असं सगळ्यांनाच वाटायचं, पण तिच्याकडे नेट-सेट नव्हती. ती दोनदा सेटला बसली. दोन्ही वेळा सगळी उत्तरं चुकली, आणि यात तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता. शेवटी आठवड्याला एक तास, तोही गुरुवारचा तिसरा, एवढ्यावरच ती राहिली. मध्ये काही वर्षं ग्रंथालयाचं काम पाहिलं, एकदा परीक्षा विभागात बदली झाली, तिथून फार लवकर परत पाठवली. बाकी कामाला चोख. शिपाई तिला चूक मॅडम म्हणायचे आणि ती त्यांना अहो-जाहो करायची.

उपळेकर तसे सज्जन गृहस्थ. पण संगणकवाल्यांची असते ती एक खोड त्यांच्यातही होती. बाहेरचं कुणी आलं आणि "ही कुणाची?" असं विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "आधीच्या माणसाची." आधीचा माणूस असा कुणी नव्हताच. तरी ते म्हणायचे आणि समोरचा मान डोलवायचा, कारण तोही आपल्या ऑफिसात तेच म्हणत असणार.

गेल्या वर्षी तपासणी समिती आली. समितीतल्या एका बाईंनी वेळापत्रकाकडे बोट दाखवलं आणि विचारलं. उपळेकर म्हणाले, "आधीच्या माणसाची." चूक तिथेच, माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. तिने कप बशीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तिचा राजीनामा आला.

ती गेल्यावर प्रोग्रॅम कोसळला, उपळेकरांनी तो पहिल्यापासून लिहिला, वेळापत्रक अचूक झालं आणि कॉलेजची रया गेली. गुरुवारी तिसऱ्या तासाला सगळे जण शिकवत होते आणि सगळे जण चिडलेले होते. इतिहास आणि अर्थशास्त्र यांनी जुनं भांडण होतं तिथून पुढे सुरू केलं. घोरपडे यांनी उपळेकरांना बोलावलं. मी सोबत गेलो, कारण उपळेकर एकटे गेले की नुसते हो म्हणून परत येतात.

"हे बघा," घोरपडे म्हणाले, "निवृत्तीला तुमचं एक वर्ष राहिलंय. प्रोफेसरपदाची ही शेवटचीच मुलाखत. तीन वेळा त्या चुकीपायी संधी हुकली, खरं आहे. पण आता तुमच्या फाइलीत आहे काय? अचूक वेळापत्रक? ते कुणीही करतंय. ती बाई परत आणा, नाहीतर नवी एक करा की. तेव्हा जमलं, आता काय झालं?"

उपळेकरांनी मनापासून प्रयत्न केला. महिनाभर रोज बसून त्यांनी चुका करायला घेतल्या. पण इतकी वर्षं पोरांना शुद्ध प्रोग्रॅम शिकवून त्यांच्या हाताला तेच वळण लागलं होतं. ठरवून केलेली प्रत्येक चूक बरोबर चालायची. एकीने तर प्रयोगशाळांची जुनी अडचणसुद्धा सोडवली. उपळेकर फार खचले. त्यांना प्रोफेसर व्हायचं होतं, अगदी मनापासून व्हायचं होतं. घराच्या दारावर पाटी लावायला त्यांनी दोन खिळे आधीच ठोकून ठेवले होते.

शेवटी आम्ही दोघं एसटीने पुण्याला गेलो.

कंपनी काचेची होती. चूक आम्हाला न्यायला खाली आली. तब्येत सुधारली होती. कॅन्टीनमध्ये तिने आम्हाला कॉफी पाजली आणि आपली प्रगती सांगितली. ही कंपनी मोठमोठ्या ऑफिसांना मीटिंगच्या वेळा लावून देणारं सॉफ्टवेअर विकते. चूक तिथे लागल्यापासून गुरुवारी एक तास कुणालाच मीटिंग लागत नाही, आणि गिऱ्हाइकं त्यासाठी रांग लावतात. ती सहायक चूक म्हणून लागली, दिवाळीला सीनियर चूक झाली आणि आता लीड चूक आहे. हाताखाली सहा लहान चुका. त्यातल्या दोन कॅम्पसमधून घेतलेल्या.

"हुशार आहेत," ती म्हणाली, "पण एका जागी टिकत नाहीत. जरा कुणी बघितलं की जातात."

"तू टिकलीस," उपळेकर म्हणाले.

"मला जायला जागा नव्हती, सर."

उपळेकरांनी तिच्या परत येण्याचा विषय काढला. तेवढ्यात तिची वरिष्ठ, तेजल शिरगुप्पे नावाची तरतरीत मुलगी, कॉफीचा मग घेऊन टेबलाशी थांबली. तिथे मॅडम वगैरे म्हणायची पद्धत नाही.

"चूक, हे कोण?" तिने विचारलं.

चुकीने उपळेकरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधीच्या ठिकाणचे."

तेजल हसून निघून गेली. उपळेकर उठले. आम्ही परतीची एसटी धरली. साताऱ्याला मी दोन वडे घेतले, त्यांचा त्यांनी नुसता हातात धरून ठेवला. मला त्यांचा रागही आला होता आणि दयाही येत होती. दोन्ही एकदम होतं तेव्हा माणसाने वडा खावा. मी दोन्ही खाल्ले.

मुलाखतीचा दिवस आला. अशा निवड समितीवर उद्योगक्षेत्रातला एक तज्ज्ञ लागतो, आणि तज्ज्ञाला नेट-सेट लागत नाही. एकोणीस वर्षं कॉलेजात शिकवण्यासाठी जी अपात्र होती ती कॉलेज सोडल्यामुळे निवड करायला पात्र झाली, आणि विद्यापीठाने चुकीचंच नाव पाठवलं. ती कंपनीच्या गाडीने आली. घोरपडे फाटकापर्यंत सामोरे गेले. मी समितीत शिक्षकांचा प्रतिनिधी होतो, म्हणजे चहाकडे लक्ष ठेवायला होतो.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीशासारखे सावकाश बोलणारे होते. त्यांनी आधी नियम वाचून दाखवला की, उमेदवाराचा जवळचा नातेवाईक समितीत असेल तर मुलाखत रद्द होईल.

"कुणाचं नातं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," चूक म्हणाली. आवाज अगदी सरळ होता.

उपळेकर आत आले. अंगात लग्नातला कोट. अध्यक्षांनी संशोधनाचं विचारलं, घोरपडे यांनी शिस्तीचं विचारलं. उत्तरं चांगली गेली. मग चुकीची पाळी आली.

"या प्रोग्रॅममध्ये पूर्वी एक चूक होती असं ऐकलंय," ती म्हणाली. "ती कुणाची होती?"

खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. उपळेकरांना तर ते पाठ होतं. तेच देऊन त्यांनी मुकाट्याने प्रोफेसर व्हावं म्हणूनच तिने हा प्रश्न टाकला असणार, असं मला आजही वाटतं. घोरपडे यांनी तर पेन उघडलंसुद्धा.

उपळेकरांनी कोटाचं बटण काढलं, परत लावलं.

"माझी," ते म्हणाले. "आधीचा माणूस कुणी नव्हता. कॉलेजातला तो पहिला संगणक होता आणि मी एकटाच होतो. हिला मी दोनदा काढायला गेलो. ही निघाली की बाकीचा सगळा प्रोग्रॅम कोसळायचा. सगळं हिच्यावरच उभं होतं, आणि मी लोकांना सांगत होतो की ही आधीच्या माणसाची, उरलेलं काम माझं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हिच्यावर म्हणजे या सदस्यांवर?"

"हो."

"म्हणजे नातं आहे."

"आहे."

"जवळचं?"

"माझा एक मुलगा आहे, बेळगावला असतो," उपळेकर म्हणाले. "त्याच्यापेक्षा जवळचं."

अध्यक्षांनी नियम पुन्हा एकदा वाचला आणि मुलाखत रद्द झाल्याचं जाहीर केलं. उमेदवाराने पुढच्या वर्षी अर्ज करावा असंही सुचवलं. पुढच्या वर्षी ते निवृत्त असतील, असं घोरपडे यांनी निदर्शनास आणलं. तसं असेल तर करू नये, असं अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

बाहेर व्हरांड्यात चूक फोनवर बोलत होती.

"तेजल, सोमवारपासून मी घरून काम करते." पलीकडचा प्रश्न ऐकून ती म्हणाली, "घर कराडला." मग आणखी एका प्रश्नाला, "हो, आई-वडिलांचंच."

तिने कंपनीची गाडी रिकामी परत पाठवली. उपळेकर स्कूटर काढत होते. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा मी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता.

"काकू घरी आहेत का, सर?" चुकीने विचारलं.

"आहे. थालीपीठ लावते म्हणालीय. बस मागे."

हेल्मेट एकच होतं. ते त्यांनी तिला घातलं.