चंदररावांचं आमंत्रण

नवऱ्याकडून पानभर पत्र काढून दाखवीन, असं मी सासूबाईंना छातीठोक सांगितलं होतं!

परेश, म्हणजे आमचे हे, कामासाठी रॉटरडॅमला. मी इकडे नागावला, सासूबाई आणि होमस्टे सांभाळत. मी त्यांना ईमेल लिहायची ऐसपैस. पंप बिघडला, वांगी लागली, करमत नाही. त्यावर उत्तर काय? ‘ओके.’ तारेला शब्दागणिक पैसे पडायचे तेव्हाही माणसं याहून जास्त लिहीत असतील!

आणि हाच माणूस मराठी संगणकवाल्यांच्या एका ईमेल ग्रुपवर परक्यांच्या शंकांना दोन-दोन पानं उत्तरं देतो, हे कळल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मीही शिरले त्या ग्रुपात. नाव घेतलं आमच्या नारळ पाडणाऱ्या चंदरचं!

शंका तयारच होती. जाण्याआधी यांनी खोल्यांचं बुकिंग आपोआप लावणारी एक स्क्रिप्ट लिहून दिली होती. त्यांच्या लॅपटॉपवर ती हरणासारखी पळायची, माझ्या लॅपटॉपवर उंबऱ्यातच अडखळायची. त्यांचं नाव पुसून तीच पाठवली.

तासाभरात यांचं उत्तर! ‘चंदरराव, नमस्कार. ही लिहिणारा माणूस आळशी दिसतो. आपलं मशीन सोडून दुसरीकडे ती कशी चालेल, याचा त्याने विचारच केलेला नाही.’

‘अगदी बरोबर बोललात!’ मी लगेच लिहिलं.

‘आणखी एक. उत्तर माझ्या मजकुराच्या वर लिहू नका. माझी लागेल तेवढीच ओळ ठेवा, बाकीचं खोडा आणि तिच्याखाली लिहा. समोरासमोर बसून बोलल्यासारखं वाटतं.’

समोरासमोर! मी सासूबाईंना वाचून दाखवलं.

“तुला लिवलंय?”

“नाही, चंदरला.”

“मंग चंदरलाच इचारायला सांग, घरी कवा येतोस!”

पुढे मी मुद्दाम चुका करायला लागले. कधी स्क्रिप्टमधला स्वल्पविराम खाल्ला, कधी कंस. दरवेळी हे भलंमोठं उत्तर! ते वाचताना कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष राहायचं नाही. भाताची रोज पेज होत होती.

शेवटी एकदा त्यांनी विचारलं, ‘आता काय अडलंय?’ आणि मला राहवलं नाही. तेवढीच ओळ ठेवली, खाली लिहिलं, ‘वालाच्या शेंगा भरल्यात. शनिवारी वाडीत शेंगा-कोंबडीचं मडकं भाजून पोपटी करायची आहे. येताय ना तुम्ही? वाट बघून डोळे शिणले.’ शिवाय घरचा पत्ताही टाकला. विसरले असतील तर!

हे एकट्या त्यांना पाठवायचं होतं. गेलं अख्ख्या ग्रुपला! मी नवऱ्याला आदराने ‘तुम्ही’ म्हटलं, मंडळींनी ते अनेकवचनी घेतलं!

‘चंदरराव, काय अगत्य!’ ग्रुपमधले दत्तात्रेय. ‘आम्ही नऊ जण बोटीने मांडव्याला उतरतो.’

‘शाकाहारी मडकं वेगळं लावाल का?’ कुणी भाविका.

तेवढ्यात परेशचा फोन. “कल्पिता, चंदर म्हणजे तू?”

“हो.”

“आणि त्या आळशी माणसाची स्क्रिप्ट?”

“तुमचीच.”

मग हळूच त्यांनी विचारलं, “शेंगा खरंच भरल्यात?”

“या ना मग.”

“रजा मागतो,” ते म्हणाले.

शनिवारी मी टेम्पो घेऊन मांडव्याच्या धक्क्यावर. बोट लागली. पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा, डोळ्यांवर चष्मे. लांबून प्रत्येक जण यांच्यासारखाच चालत होता!

“चंदरराव कुठायत?” दत्तात्रेयांनी विचारलं.

“मीच!”

नऊच्या नऊ तोंडं उघडी! मग दत्तात्रेय इतके हसले की त्यांची टोपी पाण्यात गेली. सगळे टेम्पोत चढले.

“चला ताई, आता कोणाची वाट बघताय?”

कोणाची म्हणून सांगू? रजा मिळाली नाही, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. पण पुढची बोट समोर दिसतच होती. म्हटलं, एवढी लागू दे. बघायला काय जातं!