काळ्या रेघांचे भास्करभाऊ

भास्करभाऊंच्या हातात साबणाची वडी द्या नाहीतर बिस्किटांचा पुडा, ते आधी तो उलटा करत. एका लग्नात आहेरात आलेलं मिक्सरचं खोकं त्यांनी असंच उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला, पाठीवरच्या काळ्या रेघा डोळ्यांशी नेऊन पाहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे काही वाचायचं नही!" वरमाईचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिला बाजूला नेऊन सांगितलं, की बाई, खोक्याबद्दल चाललंय.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. जळगावच्या एमआयडीसीत आमचा खोकी छापायचा कारखाना होता. मी डिझाइन करायचो. रावेरकडचे केळी वेफर्सवाले व्यापारी आखाती देशांत माल पाठवायला लागले, तशा खोक्यांवर त्या बारकोडच्या रेघा आल्या. सुरुवातीला आम्ही त्या नक्षीसारख्या छापल्या. मग तिकडून तक्रार आली, की रेघा यंत्राला वाचताच येत नाहीत. मालकांनी, म्हणजे अण्णांनी, एक स्कॅनर आणला, कॉम्प्युटरला जोडला आणि विचारलं, "हे कोण बघेल?"

भास्करभाऊ तेव्हा कटिंगवर होते. पन्नाशीचा, काटकुळा, रावेर तालुक्यातला माणूस. एका जागी दोन मिनिटं टिकत नसे. अण्णांनी विचार केला असणार, हा नाहीतरी दिवसभर फिरतोच, फिरता फिरता खोकी तपासेल.

झालं उलटंच. खोकी तपासता तपासता ते आणखी फिरायला लागले. दर गठ्ठ्यातलं एक खोकं ओढायचं, स्कॅनरचा लाल उजेड त्यावर धरायचा. 'टुक' वाजलं की मान हलवायची आणि पुढच्या गठ्ठ्याकडे पळायचं. जेवताना भाकरीचा तुकडा हातात घेऊन उठायचे. "बसा की भाऊ," म्हटलं तर म्हणायचे, "मन लागत नही भो. शाई पसरली असंन." आणि एखादवेळी खरंच पसरलेली असायची.

माझ्या टेबलाशी दिवसातून दहा चकरा. मी रेघांच्या कडेपर्यंत केळ्याचं चित्र नेलं, की बोट ठेवायचे. "दोन्हीकडून मोकयं सोड. रेघेलेबी दम घ्यायले जागा लागते."

आणि हे सगळं कशासाठी, तर ज्या रेघा अख्ख्या जळगावात एकाही दुकानात वाचल्या जात नव्हत्या त्यांच्यासाठी! आमचा किराणेवाला त्यांना 'माशीचे पाय' म्हणायचा.

मग रावेरच्या एका व्यापाऱ्याचं मोठं काम आलं. पिवळं खोकं, आणि रेघा लाल हव्यात. काळा रंग त्याला अशुभ वाटत होता. अण्णा म्हणाले, गिऱ्हाईक सांगतंय ना, छापा. मीही मुकाट डिझाइन केलं.

पहिला गठ्ठा निघाला. भास्करभाऊंनी स्कॅनर धरला. आवाज नाही. दुसरं खोकं, तिसरं. मग त्यांनी सरळ जाऊन मशीनचं बटण बंद केलं.

"भास्कर, डोकं ठिकाणावर आहे का?" अण्णा ओरडत आले.

"अण्णा, उजेड लाल, रेघा लाल. त्याले दिसतीन कशा? रेघा कायाच पाहिजे."

"त्यांना लालच हव्यात. चालू कर, नाहीतर घरी जा."

भास्करभाऊ घरी गेले नाहीत. त्यांनी स्कॅनर काढला, कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला आणि मला म्हणाले, "टेम्पोत बस. तो टीव्ही मांडीवर घे." मॉनिटरला ते टीव्हीच म्हणत. अण्णा बघतच राहिले. गोधडी बघून त्यांना हसू आलं असावं. "संध्याकाळपर्यंत मशीन बंद ठेवतो," एवढंच म्हणाले.

रावेरला व्यापाऱ्याच्या गोदामात, वेफर्सच्या पोत्यांवर, आम्ही कॉम्प्युटर मांडला. काळ्या रेघांचं जुनं खोकं धरलं: टुक. लाल रेघांचं धरलं: काही नाही. भास्करभाऊंनी तेच सात-आठ वेळा केलं.

"पण भाऊ," व्यापारी म्हणाला, "नाही वाचलं तर तिथला माणूस हातानं आकडे टाकतो. तुम्हाला का एवढा घोर?"

"तेरा आकडे ऱ्हायतात शेठ," भास्करभाऊ म्हणाले, आणि पुन्हा लाल खोकं धरलं. व्यापारी कंटाळला. "बरं बाबा, काळ्या करा!"

परतताना सावद्याला त्यांनी टेम्पो थांबवला. "बहीण राह्यते. पाच मिन्टं." आले ते एक निळं पाकीट घेऊन. ते न उघडताच बराच वेळ हातात फिरवत बसले. फैजपूर मागे पडल्यावर बोलायला लागले.

"मालतीचं हाये. माही पोरगी. शारजात दुकानात काऊंटरवर दिवसभर उभी राह्यते. पत्र आत्याच्या नावानं टाकते."

"तुम्हाला नाही लिहीत?"

"तिनं तिच्या मनानं लग्न केलं. मी गेलो नही. तिची माय जाऊन तं दोन वर्सं झाली व्हती. पोरीच्या बाजूनं कोन्ही उभं नव्हतं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मांगच्या पत्रात लिव्हलं व्हतं, रेघ वाचली नही का तेरा आकडे हातानं टाकावे लागतात. एक चुकला का पुन्हा पयल्यापासून. मांगं रांग वाढते. साहेब चारचौघात बोलतो तिले."

"आपली खोकी तिच्याच दुकानात जातात?"

"काय मालूम भो. केवढं गाव असंन ते. पन एखादं गेलं तं?"

भुसावळच्या अलीकडे फाटकावर टेम्पो थांबला. मालगाडी जात होती. भास्करभाऊंनी पाकीट खिशात ठेवलं, पुन्हा काढलं.

"आता किती वाजले?"

"सहा."

"अन् शारजात?"

मी मनात हिशोब केला. "साडेचार."

"म्हंजे उभीच असंन अजून," ते म्हणाले.