खळीचे बाण

डोंगराच्या पायथ्याशी प्लायवूडची कमान उभी होती, कमानीखाली मॅनेजर उभा होता आणि वरून एकही सायकल खाली येत नव्हती.

मॅनेजर हा त्याचा हुद्दा नव्हता, ते गावाने ठेवलेलं नाव होतं. गावातला कारखाना बंद पडला आणि तरुण पोरं एकेक करून शहराकडे निघाली, तेव्हापासून या गृहस्थाने एकच ध्यास घेतला होता. मागच्या डोंगरावर सायकलींचं साहसी उद्यान करायचं. माथ्यावरून सायकल सोडायची ती थेट पायथ्याला, वाटेत दोराला लोंबकळत ओढा ओलांडायचा, झाडांमधल्या झुलत्या फळ्यांवरून तोल सावरत चालायचं. लांबून लोक येतील, दोन दिवस राहतील, बंद दुकानांची दारं उघडतील. हे तो इतक्या जणांना इतक्या वेळा सांगत सुटला की उद्यान होण्याआधीच लोक त्याला मॅनेजर म्हणू लागले. आधी चेष्टेने आणि मग सवयीने.

आज पर्यटन समिती चाचणी बघायला आली होती. समिती 'हो' म्हणाली तर तो खराखुरा मॅनेजर होणार होता. 'नाही' म्हणाली तर मेव्हण्याने शहरात गोदामावर जागा धरून ठेवलीच होती. बायकोने बॅगाही अर्ध्या भरल्या होत्या. आता शहरात जाऊन कोणी मरत नाही. पण मावशी येणार नव्हती. त्याला तान्हेपणापासून वाढवणारी मावशी डोंगराच्या कुशीतल्या तिच्या घरात शेळ्यांबरोबर राहायची. "शेळ्या चौथ्या मजल्यावर चढतील, मी नाही," असं तिने एकदाच सांगून विषय संपवला होता. साहस, पर्यटन, विकास हे सगळं लोकांना सांगायला ठीक होतं. मावशीने हाक मारली तर ऐकू यावी एवढ्या अंतरावर राहता यावं, एवढंच खरं तर त्याला हवं होतं. हे मात्र त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, मावशीला तर नाहीच.

सायकलींची वाट आखताना त्याने डोकं चालवलं होतं. डोंगरावर शेळ्यांनी वर्षानुवर्षं चालून वाटा पाडलेल्या होत्याच. कुठे वळायचं, कुठे उतार सोसेल, हे शेळ्यांना इंजिनिअरपेक्षा बरं कळतं, असं म्हणून त्याने तीच वाट रुंद करून घेतली. शेळ्यांची वाट शेवटी मावशीच्या अंगणात जात होती. म्हणून घराच्या थोडं वर त्याने एक नवा फाटा काढून तो कमानीपर्यंत आणला. फाट्यावर आणि वाटेवर ठिकठिकाणी खुंट ठोकले आणि त्यांवर बाण लावले. पत्र्याचे बाण समितीने होकार दिल्यावर करायचे होते. तोवर बायकोने पुठ्ठे कापून, निळे कागद चिकटवून झकास बाण बनवले होते. चिकटवायला घरचीच कणकेची खळ.

"खळ जरा जास्तच झालीये," ती म्हणाली होती. "मीठ पण घातलंय, म्हणजे किडे लागणार नाहीत. उरलेल्या खळीत तुमचा बिल्ला करून टाकते."

तो बिल्ला आत्ता त्याच्या छातीवर होता. निळ्या कागदावर पांढरी अक्षरं: व्यवस्थापक.

काल दुपारी बाण लावून झाल्यावर तो मावशीकडे जाऊनही आला होता. "मावशी, उद्या शेळ्या सोडू नकोस. साहेब लोक येणारेत. सायकलीच्या मधे आल्या तर पंचाईत होईल." त्या बदल्यात त्याने शेळ्यांसाठी वाळल्या गवताची अख्खी गाडी तिच्या गोठ्यात उतरवली होती. थोडक्यात, माणसाला सुचेल तेवढी सगळी खबरदारी त्याने घेतली होती.

त्याने वर फोन लावला. माथ्यावर शाळेतले निवृत्त पीटीचे सर शिट्टी घेऊन बसले होते. डोंगराच्या पलीकडच्या रस्त्याने वर नेलेल्या चार सायकलस्वारांना एकेक करून सोडणं त्यांच्याकडे होतं.

"सर, पहिला सोडलात का?"

"कधीच. गोळीसारखा सुटला. पोचला असेल ना?"

"नाही पोचला."

"असं कसं? मी तर दुसरापण सोडला. आणि तिसरी मुलगी आहे ना, ती ऐकेना, तिलाही सोडली."

"सर, थांबा जरा."

"आता थांबून काय करू? शेवटचा पण निघाला. मी एकटाच आहे वर."

मॅनेजरने फोन खिशात टाकला. त्याने तोंडावर हसू आणून समितीकडे पाहिलं. अध्यक्षबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पांढरे केस, पायात दणकट बूट आणि चेहरा असा की पेपर तपासताना हसू आलं तरी गुण कापतील. त्यांच्या शेजारी छत्रीवाले साहेब होते. आभाळ निरभ्र असूनही त्यांनी छत्री सोडली नव्हती. बाजूला दवाखान्यातली परिचारिका मलमपट्टीची पेटी मांडीवर घेऊन बसली होती.

"वाट लांबलचक दिसतेय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो ना. निसर्ग बघत बघत येत असतील," मॅनेजर म्हणाला.

"सायकल शर्यतीवाले निसर्ग बघतात?"

थोडा वेळ सगळ्यांनीच निसर्ग बघितला. मग छत्रीवाले साहेब उठले. "मी जरा वरपर्यंत जाऊन येतो. बसून बसून पाय आखडले." ते छत्री टेकत नव्या फाट्याने चढत गेले आणि झाडीआड दिसेनासे झाले. ते परत आले नाहीत.

मॅनेजरने त्यांना फोन लावला. लागेना. सायकलवाल्यांना लावला. एकाचाही लागेना. परिचारिका पेटी घेऊन उठली. "कोणीतरी पडलंय नक्की. मी बघते," म्हणाली आणि पळतच गेली. तीही आली नाही.

आता कमानीखाली दोघंच उरले. कमानीला बांधलेली फीत वाऱ्याने फडफडत होती.

"मॅनेजर," अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा डोंगर माणसं गिळतो का?"

"नाही बाई. आजवर तरी नाही."

"तुम्ही इथेच थांबा. शेवटच्या ठिकाणी कोणीतरी हवं. आणि मी अर्ध्या तासात आले नाही, तर तुमच्या उद्यानाबद्दल माझं मत तुम्ही समजून घ्या."

बाई गेल्या. मॅनेजरच्या डोळ्यांसमोर गोदाम उभं राहिलं. गोदामात उंच रचलेली खोकी, खोक्यांमध्ये आपण, आणि इकडे मावशी आजारी पडली तर तिला पाणी द्यायला कोण, तर शेळी. अर्धा तास थांबण्याएवढं त्याचं काळीज घट्ट नव्हतं. बाईंची पाठ दिसेनाशी झाल्यावर वीस मिनिटं त्याने कशीबशी काढली आणि तो फीत तशीच सोडून धावत सुटला.

फाट्यावर पोचला आणि त्याने डोक्याला हात लावला. खुंट जागेवर होता. बाण नव्हता. खिळ्याला निळ्या कागदाचा नखाएवढा तुकडा लटकत होता आणि त्याच्या कडेला दातांच्या खुणा होत्या. तो वर पाहू लागला. वरच्या खुंटावर बाण नाही. त्याच्या वरच्याही नाही. कणीक, मीठ आणि पुठ्ठा. शेळीला याहून चांगलं जेवण आपल्या बायकोने जन्मात केलं नसेल, असं त्याच्या मनात आलं.

पण शेळ्या तर आज बांधलेल्या होत्या. मग त्याला आठवलं. आपण म्हणालो, उद्या सोडू नकोस. काल संध्याकाळी शेळ्या नेहमीसारख्या चरून, नेहमीच्या वाटेने, बाण लावलेल्या एकेका खुंटापाशी थांबत घरी गेल्या होत्या. आणि बाण नसल्यावर सायकलवाले कुठे जाणार? शेळ्यांनी चालून चालून गुळगुळीत केलेल्या वाटेने, थेट मावशीच्या अंगणात. तेही शेळ्यांनी भरलेल्या.

उरलेला उतार तो धावला की घसरला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. एवढं मात्र खरं की अंगणात तो पायांवर उभा असा पोचला नाही. तो पोचला तो पोटावर, गवताच्या भल्या मोठ्या ढिगात.

"हा पण आला," मावशीचा आवाज आला. "आता संपले का रे सगळे?"

त्याने तोंडातलं गवत काढून पाहिलं. सायकली कुंपणाला नीट टेकवलेल्या होत्या. चारही स्वार पडवीत मांडी घालून उकडलेले बटाटे मीठ-मिरपूड लावून खात होते. परिचारिका एकाच्या कोपराला पट्टी बांधत होती, पण तीही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात चहा होता. छत्रीवाल्या साहेबांनी मावशीसाठी शेळी धरून ठेवली होती आणि छत्रीच्या सावलीत एक करडू झोपलं होतं. अध्यक्षबाईंनी दणकट बूट काढून पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडले होते.

"बाई, माझं चुकलं," मॅनेजर उठत म्हणाला. "खरी वाट ही नाही. बाण होते, पण ते..."

"उडी काय होती हो शेवटची," एक स्वार म्हणाला. "वळण घेतलं तर समोर घर, शेळ्या, आणि एकदम गवत. मी पुन्हा जाणार आहे वर."

"मी आधी," ती न ऐकणारी मुलगी म्हणाली. "मावशी, माझा बटाटा ठेवा हं."

अध्यक्षबाईंनी बादलीतला एक पाय वर करून पुसला. "मी पुष्कळ उद्यानं पाहिली. सगळीकडे कमान असते, फीत असते आणि प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. शेवट कसा करावा ते कोणाला जमत नाही. दमलेल्या माणसाने शेवटी कोणाच्या तरी घरी पोचावं, ही कल्पना कोणाची?"

मॅनेजरने अंगावरचं गवत झटकलं. "शेळ्यांची, बाई."

सगळे हसले. अध्यक्षबाईही हसल्या, आणि गुण कापल्यासारख्या वाटल्या नाहीत.

"आमचा होकार आहे," त्या म्हणाल्या. "पण अट एकच. शेवट इथेच हवा. अर्थात या बाईंची तयारी असेल तर."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशी दूध काढत होती. तिने मान वर केली नाही.

"म्हणजे हा मग इथंच राहणार का?"

"राहावंच लागेल. मॅनेजर आहेत ते."

"मग येऊ द्या," मावशी म्हणाली. "पण संध्याकाळी शेळ्या घरी यायच्या वेळेला सायकली थांबतील. वाट त्यांची आहे."

"थांबतील," अध्यक्षबाई म्हणाल्या.

समिती चहा संपवत होती तेव्हा मॅनेजर मावशीच्या मागे चुलीपाशी गेला. चुलीवर तिचं सगळ्यात मोठं पातेलं होतं, जे लग्नाकार्याशिवाय माळ्यावरून खाली येत नसे. ते तळापर्यंत रिकामं झालं होतं. त्याने पातेल्याकडे पाहिलं, मग दारातून बाहेर, गवताच्या ढिगाकडे. गवत आपण गोठ्यात उतरवलं होतं. ते वाटेच्या अगदी तोंडाशी, असं गादीसारखं पसरलं कोणी?

"मावशी, एवढे बटाटे तू तुझ्या एकटीसाठी उकडले होतेस?"

"काल बाण खाताना बघितलं ना मी त्यांना. म्हटलं, पाहुणे आता इकडेच येणार."

"मग मला सांगायचंस की."

"आले होते की सांगायला. तू त्या कमानीवर चढून रंग देत होतास. म्हणालास, मावशी, आज काही बोलू नकोस, माझं डोकं ठिकाणावर नाही. मग नाही बोलले. आल्या पावली परत फिरले आणि गवत पसरायला घेतलं."

मॅनेजरचे डोळे भरून आले. लहानपणी तो झाडावरून पडेल म्हणून ती खाली गोधडी घेऊन उभी राहायची आणि पडला की शिव्या द्यायची, ते त्याला आठवलं. तो म्हणाला, "मावशी, तू होतीस म्हणून वाचलो. आजच नाही, आजवर सगळ्याच वेळी. कधी म्हणालो नाही मी."

मावशीने पदराने हात पुसले आणि ते पुसणं बराच वेळ चाललं.

"माझे कसले आभार मानतोस," ती शेवटी म्हणाली. "मानायचेच तर तिचे मान. सगळ्यात जास्त बाण तिने खाल्ले."

दारात म्हातारी शेळी उभी होती. तिचे ओठ अजून निळे होते. मॅनेजरने इकडेतिकडे पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. तो तिच्यासमोर वाकला आणि त्याने मनापासून हात जोडले. शेळीने मान पुढे केली, त्याच्या छातीवरचा बिल्ला हुंगला आणि एका कोपऱ्यापासून सावकाश खायला सुरुवात केली.

त्याने तिला हाकललं नाही. संपेपर्यंत तसाच वाकून उभा राहिला.