चाळीस दातांना कुंकू

गुणाजीमामाची गाडी दुरुस्त करायचं मी ठरवलं ते निव्वळ रागाच्या भरात. (माझे बहुतेक निर्णय याच भरात होतात. बी.एस्सी.सुद्धा.)

गाडी साधीसुधी नव्हे. दोन सीटची, लालभडक, विलायती स्पोर्ट्स कार! मामा चेंबूरच्या एका साहेबांचा ड्रायव्हर. साहेब कायमचे परदेशी गेले आणि जाताना ही गाडी मामाच्या गळ्यात घालून गेले. ती आमच्या मुलुंडच्या सोसायटीत शिरली की इंजिनातून असा टकटकाट यायचा, की तळमजल्यावरच्या टायपिंग क्लासमधल्या मुलींचा ठेका चुकायचा.

"टॅपेट वाजतायत. वॉल्व्हचा गॅप वाढलाय," मी म्हटलं.

"चेडवा, तुका काय कळता त्यातला?" मामा हसला.

झालं! त्यात भांडुपच्या एका कारखान्यातल्या अ‍ॅप्रेंटिसशिपचा माझा फॉर्म बाबांच्या सहीसाठी आठवडाभर अडकला होता. बाबा म्हणजे भाऊराव, गिरणीतले माजी जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम. तीस वर्षं यंत्रांत काढली, पण मुलगी पाना धरणार म्हटल्यावर रोज नेमकं पेन हरवायचं.

"दसऱ्याला ही गाडी आवाज न करता आत्याकडे भांडुपला पोचली, तर सही करीन," बाबा म्हणाले. "नाहीतर आत्याने सुचवलेला मुलगा बघायचा. मुकाट्याने."

मुकाट्याने! मला!

नवमीच्या सकाळी मी बॉनेट उघडलं. फिलर गेजच्या पातळ पोलादी पट्ट्या सरकवून एकेका वॉल्व्हवरची फट मोजली. दोन ठिकाणी चांगलीच जास्त निघाली. आता कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, उतरवायचा आणि खालच्या चकत्या बदलायच्या. मेख एवढीच, की दांड्याच्या टोकाला चाळीस दातांचं चाक आणि त्यावर चेन. परत बसवताना एक-दोन दात जरी चुकले, तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकणार आणि मामाच्या गाडीची रवानगी थेट देवनारच्या डंपिंगवर.

खूण करायला घरात पांढरा रंग नव्हता. मी देव्हाऱ्यातला करंडा उचलला. चाकाच्या एका दातावर कुंकवाचं बोट, त्याच्यासमोर इंजिनाच्या अंगावर दुसरं. ("बघ, कुंकवाचा शास्त्रीय उपयोग!" असं आईला ऐकवलंही.) मग चाकासकट दांडा पेपरवर ठेवून चकत्या आणायला घाटकोपरला गेले.

संध्याकाळी परतले तर दांडा पाटावर. चकचकीत! झेंडूचा हार घातलेला. शेजारी माझे पाने, बाबांचा गिरणीतला हातोडा आणि विळी. खंडेनवमीची पूजा! आणि चाकाच्या चाळीसच्या चाळीस दातांवर कुंकवाची बोटं.

"आई! हे काय केलंस?"

"काय म्हणजे? तूच एका दाताला कुंकू लावून गेलीस. म्हटलं, पोरीला सुबुद्धी झाली, पण घाईत बाकीचे राहिले."

"आणि इंजिनावरची खूण?"

"तो लाल डाग? मामाने पुसला आणि नीट पाच बोटं ओढली."

"वाट लागली! मी आत्ताच्या आत्ता हे उचलतेय."

"हात लावशील तर खबरदार! पूजा उद्या उठवायची."

दसऱ्याच्या सकाळी मी वही घेऊन बसले. चाळीस दात, म्हणजे एका दाताला नऊ अंश. दोन पानं गणित केलं, दांडा बसवला आणि पान्याने इंजिन हातानेच हळूहळू फिरवलं. अडलं. चार दात सरकवून बसवला. अडलं. तिसऱ्यांदा बसवला, तर पहिल्यापेक्षा लवकर अडलं. भांडुपचा फॉर्म दूर दूर चालला होता आणि आत्याने सुचवलेला मुलगा जवळ जवळ.

बाबा कठड्यावर बसून चहा पीत होते.

"जोर करू नकोस, सुला. खूण बघून लाव."

"खूण पुसली ना तुमच्या लोकांनी!"

"ती तुझी. बनवणाऱ्याची कुठाय?"

"बनवणाऱ्याची?"

"अगं, खूण कोरल्याशिवाय कोण चाक बाहेर सोडेल?"

मी, बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास, कुंकवाने माखलेलं चाक निरखू लागले.

"ती बारीक रेघ ना?" आई जिन्यातून म्हणाली. "काळं चिंचेने घासलं तेव्हाच दिसली. कोरलेली जागा म्हणून मी पूजा तिथूनच सुरू केली. ते बोट जरा ठसठशीत आहे बघ."

खरंच होतं. ठसठशीत बोटाखाली रेघ. आणि मामाच्या पाच बोटांतल्या मधल्या बोटाखाली, इंजिनावर, तिची जोडीदार. दोन्ही समोरासमोर आणल्या. इंजिन लोण्यासारखं फिरलं. फटी पुन्हा मोजल्या, अगदी बरोबर. मामाने स्टार्टर मारला आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरलं. टायपिंग क्लास त्या दिवशी बंद नसता तर मुलींनी टाळ्या वाजवल्या असत्या.

"झकास!" मी ओरडले. "चला भांडुपला!"

"मेस्त्री पुढे बसेल," बाबा म्हणाले. मी दार उघडायला धावले, तोवर त्यांनी आईला आत बसवलं होतं. सीट दोनच.

आपट्याच्या पानांची पिशवी सांभाळत मी आणि बाबा बसस्टॉपवर उभे राहिलो. गाडी इतक्या गुपचूप निघून गेली, की आईने हात हलवला हे बाबांनीच मला सांगितलं. मग गाडी भांडुपला पोचण्याचीही वाट न बघता त्यांनी खिशातून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवून सही केली आणि मी हात पुढे करेपर्यंत 'पूर्वानुभव'चा रिकामा रकानाही स्वच्छ अक्षरात भरून टाकला: 'आईच्या हाताखाली दोन दिवस.'